डाव्या हातावरचा मांडा

आधी गाढवपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको.

जळगावला मुलींच्या एका वसतिगृहात मी बरीच वर्षं रेक्टर होते. तिथे एका रविवारी दुपारी, पोटभर जेवून, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत असताना मी पालकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. अहिराणीतली एक विनोदी कौटुंबिक मालिका तेव्हा आमच्याकडे या फोनवरून त्या फोनवर फिरत होती, तिचा एक भाग. वर मी लिहिलं, 'पालकांनी आवर्जून पाहावे. मुलं आईवडिलांशी खोटं कसं बोलतात आणि घरातली जाणती बाई ते कसं पकडते, यावर निर्मळ विनोद.' खाली जोडलेले हातही टाकले. निर्मळ म्हटल्यावर हात जोडावेच लागतात.

त्या व्हिडिओतली जाणती बाई, म्हणजे पांढऱ्या केसांची, जाड भिंगांची खट म्हातारी, ही माझ्याच वसतिगृहातली सतरा वर्षांची मुलगी होती. तो भाग चित्रित झाला त्या दिवशी तिच्या आईवडिलांच्या हिशेबी ती वसतिगृहात बसून पेपर सोडवत होती आणि माझ्या हिशेबी मावशीकडे जेवायला गेली होती. बरं, ती म्हातारी नक्कल कोणाची करत होती? माझीच. चार महिने मी स्वतःला पाहून पोट धरून हसत होते आणि म्हणत होते, 'काय बाई आहे! अगदी ओळखीची वाटते.'

आता मी धुळ्याला मुलाकडे असते. नात विचारते, "आजी, तू जेलर होतीस का गं?" मी म्हणते, "जेलरचं बरं असतं. त्याच्या कैद्यांच्या आया रोज फोन करून 'जेवली का' विचारत नाहीत."

ज्यांनी वसतिगृह फक्त फाटकाबाहेरून पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. रेक्टरचं काम म्हणजे पाण्याची टाकी, भाजीतलं मीठ, बंद पडलेला गीझर, रात्रीचा ताप, परीक्षेआधीचं रडणं आणि परीक्षेनंतरचं रडणं. ही झाली वरवरची कामं. खरं काम एकच, खोटं निवडणं. तांदळातले खडे निवडावेत तसं. रविवारी दहा ते पाच मुलींना बाहेर सोडायचं, तेही घरून फोन आला तर आणि गावात कोणी नातेवाईक असेल तर. हा नियम झाल्याबरोबर जळगावात मावश्यांचं पीक आलं. इतक्या मावश्या एका गावात कशा राहतात, याचं मला नवल वाटायचं.

पण मी तयारीची होते, म्हणजे तसं मला वाटायचं. माझं हत्यार होतं नाक. मुलगी परत आली की मी तिच्याशी बोलत बोलत हळूच तिची ओढणी हुंगायची. हिवाळ्यात अख्खा जळगाव शेतात भरीत खायला जातो. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात आणि तो धूर एकदा कपड्यात शिरला की दोन धुण्यांत निघत नाही. "लायब्ररीत होते, बाई" म्हणणाऱ्या मुलीच्या ओढणीला भाजलेल्या वांग्याचा वास आला की मी मान डोलवून म्हणायची, "तोंड खोटं बोलतं गं, ओढणी बोलत नाही." हे वाक्य मला स्वतःला फार आवडायचं. दिवसातून एकदा तरी म्हणायला मिळावं अशी माझी इच्छा असायची. आमची स्वयंपाकीण शकूअक्का एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही पोलिसना कुत्रासमा भरती व्हवाले पाहिजे व्हतं." मला तो गौरव वाटला, यावरून तेव्हाची मी कशी होते, कल्पना करा.

नाकाच्या जोडीला डोकंही होतं, आणि त्याचा मला नाकाहून जास्त गर्व. श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. तिचे रोट म्हणजे त्या घरच्या भाऊबंदांनीच खायचा प्रसाद, दुसऱ्या कुळाला त्यातला तुकडाही मिळत नाही. बी.एस्सी.ची एक मुलगी, नाव सांगत नाही, एका रविवारी घरचे रोट खाऊन आली आणि पुढच्या रविवारी पिशवी घेऊन पुन्हा माझ्या दारात.

"बाई, आता मामांकडचे रोट."

मी चहाची बशी खाली ठेवली. "मामाचं कूळ कोणतं, तुझं कोणतं? मामा तुला अंगठी करील, साडी घेईल, रोट देणार नाही. कुठे चाललीस ते बोल."

ती निघाली होती वर्गातल्या मुलामुलींबरोबर अजिंठ्याला, लेणी बघायला. मी इतकी खूश झाले की तिच्यासमोरच वडिलांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते आले, खोलीच्या दारात उभे राहून "सामान बांध" एवढंच म्हणाले आणि तिला घेऊन गेले. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेवर माझ्या नावामागे 'आदरणीय' होतं. मी गेले, मठ्ठा पिऊन आले. जळगावपासून दोन तासांवरची लेणी तिने अजून पाहिलेली नाहीत, हे मला तिनेच पुढे एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं. हसत सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

असो. आपण प्रांजलवर येऊ.

प्रांजल भडगावकडची, गिरणेकाठच्या खेड्यातली. बारावी सायन्स, डॉक्टर व्हायची तयारी. तिला आणून सोडलं तिच्या वडिलांनी, त्यांना ती नाना म्हणायची म्हणून मीही नाना म्हणू लागले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. एकत्र कुटुंब, घरातल्या मोठ्यांचं म्हणणं मुलीला शहरात एकटी ठेवू नये. नाना एकटे तिच्या बाजूचे. मला म्हणाले, "मॅडम, मनी आंडेर, माझी मुलगी, लबाड बोलत नाही. तिच्या शब्दावर मी भावांना शब्द दिलाय. दोनातला एक जरी मोडला, तर दुसऱ्या दिवशी ती घरी."

आणि मुलगी होतीही तशी. आवाज न करता जिना चढणारी, ताटात काही न टाकणारी. महिन्याभरात मी तिला हजेरी घ्यायला लावलं, दोन महिन्यांत कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि रविवारी घरच्या फोनची अट तिच्यापुरती सोडून दिली. उशिरा येणाऱ्या बाकीच्या मुलींना मी म्हणायची, "त्या प्रांजलकडे बघा जरा!" त्या बघायच्या आणि कसनुसं हसायच्या. मला वाटायचं, शरमल्या. अख्ख्या वसतिगृहाला ठाऊक होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तिची पद्धत सांगते, कारण धंद्यातली माणसं धंद्यातल्या कसबाला दाद देतात. जळगावातच, मेहरूणला, तिच्या गावची एक बाई राहायची, तिला ती मावशी म्हणायची. ही मावशी खरी होती, चहा-चिवडाही खरा होता. फक्त मावशी आणि तिचा नवरा लग्नाच्या शूटिंगची कामं करत आणि रविवारी रिकामा कॅमेरा घेऊन जामनेरच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतात ही मालिका बनवत. मालिकेतलं कुटुंब साधंच. भोळा बाप, तापट माय, सगळ्यांचा विश्वास असलेली लबाड पोरगी आणि तिला दर भागात पकडणारी आजी. पोरगीचं काम मावशीची भाची करायची. आजीचं प्रांजल.

दुपारी बाराला प्रांजलच्या आईचा व्हिडिओ कॉल यायचा, काही झालं तरी. आमच्या वसतिगृहात सगळ्या चादरी एकसारख्या होत्या, पिवळ्या, त्यावर तपकिरी हत्ती. पालकांना ते हत्ती पाठ झाले होते. मुलीच्या मागे हत्ती दिसले की आया निर्धास्त. प्रांजल आपली चादर घडी करून दप्तरात न्यायची, बाराला शेतातल्या झोपडीच्या भिंतीवर टांगायची, तोंड धुवायची, पुस्तक उघडायची आणि हत्तींपुढे बसून म्हणायची, "माय, पेपर चालू शे, नंतर बोलसू." कॉल संपला की पुन्हा म्हातारी.

त्या चादरीला एकदा कापसाचे पुंजके आणि गोखरू चिकटलेले मी पाहिले. नाक आणि डोकं दोन्ही असलेल्या मी काय केलं? धोब्याला झापलं.

आणखी ऐका. रविवारी संध्याकाळी तिच्या कानामागे, कपाळाच्या कडेला पांढरी पावडर दिसायची. म्हातारीचे केस पिकवायला लावलेली. मी विचारलं, "इतका घाम येतो का गं तुला?" ती म्हणाली, "हो बाई, घामोळं आहे." मला इतकी माया आली की दुसऱ्याच दिवशी मी पावडरचा मोठा डबा आणून दिला. पुढचे सगळे भाग त्या डब्यावर निघाले.

तिची ओढणी मी कधी हुंगली नाही. विश्वासू मुलीची ओढणी कोण हुंगतं?

मालिकेतली म्हातारी मात्र प्रत्येक भागात नातीची ओढणी हुंगायची, मान डोलवायची आणि म्हणायची, "तोंड लबाड बोलस, वढनी बोलत नही!" हे ऐकून मी शकूअक्काला म्हटलं होतं, "बघ, शहाण्या बायकांचे विचार कसे जुळतात." शकूअक्का पदर तोंडात कोंबून परातीकडे वळली. मला वाटलं, ठसका लागला.

तर त्या रविवारी मी ग्रुपवर टाकलेल्या भागात आजी खापरावर मांडे करत असते आणि करता करता नातीला पकडते. परगावच्यांसाठी सांगते, मांडा म्हणजे आमची खापरावरची पुरणपोळी. पुरण भरलेला गोळा हातांवर फिरवत, झुलवत पार कोपरापर्यंत पसरवायचा आणि उपड्या खापरावर अलगद सोडायचा. हे आता पन्नाशीच्या बायकांनाही धड येत नाही. ती म्हातारी ते बोलता बोलता करत होती.

सोमवारी सकाळी सफाईची बाई आली नाही म्हणून मी पदर खोचून न्हाणीघरात फिनेल ओतत होते. शकूअक्का सांगत आली, "प्रांजलना नाना येल शेत. चहा नको म्हणतस." (अहिराणीत 'शेत' म्हणजे 'आहेत'.)

खानदेशातला माणूस चहा नको म्हणाला की समजावं, प्रकरण साधं नाही. मी तशीच ऑफिसात गेले. नाना फोन हातात धरून बसले होते.

"मॅडम, काल तुम्ही टाकलेला व्हिडिओ पाहिला."

"आवडला ना?" मी म्हटलं.

"ही म्हातारी कोण?"

"असेल कोणी कलाकार. पण काम काय करते हो!"

नानांनी चित्र थांबवून फोन माझ्यापुढे धरला. "तोंड नका पाहू. हात पाहा. माझी माय डावरी होती. सगळ्या बाया मांडा उजव्या हातावरून सोडतात, ती डाव्या हातावरून सोडायची. सासूने बोल लावले, तरी हात बदलला नाही. आमच्या गावात तसा मांडा दुसरं कोणी टाकत नव्हतं. माय गेली. जायच्या आधी तिनं एकीलाच शिकवलं."

"कोणाला?" मी विचारलं.

नानांनी फोन टेबलावर ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही इथल्या रेक्टरच शेत ना?"

तेव्हा कुठे दिवा लागला. पावडर, हत्ती, गोखरू, ओढणी, शकूअक्काचा ठसका, सगळं एकदम अंगावर आलं. भिंतीवरच्या आरशात पाहिलं तर तीच म्हातारी, फक्त केस अजून थोडे काळे.

प्रांजलला बोलावलं. तिने फोनवरचं थांबलेलं चित्र पाहिलं आणि दाराशीच उभी राहिली. रडली नाही, नाकारलं नाही.

"घरी काय सांगेल व्हतं?" नानांनी विचारलं.

"पेपर शे म्हणून."

"नि आठे, बाईसले?"

"मावशीकडे."

"घरमा बठ्ठा नको म्हणत व्हतात," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी एकटा तुना मागे उभा ऱ्हायनू. भाऊसले सांगं, मनी पोर लबाड बोलत नही. आते काय सांगू?"

नाना उठले आणि म्हणाले, "सामान बांध."

हे शब्द मी त्या इमारतीत आधी ऐकले होते. त्यानंतरची पत्रिका पाहिली होती, मठ्ठा प्यायले होते. माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय उघडलं.

"नाना, थांबा. तिचा दोष नाही. तो आमचा वसतिगृहाचाच उपक्रम होता. माझ्या परवानगीने गेली होती. घरी कळवायचं राहिलं, ते मी कळवायला हवं होतं."

नाना थांबले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! शूटिंगला मी स्वतः होते. शेतात, झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते."

"मग मघाशी विचारलं, म्हातारी कोण, तर कलाकार म्हणालात?"

"कलाकारच आहे की ती," मी म्हटलं. इथपर्यंत बरं चाललं होतं. इथे गप्प बसायला हवं होतं. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस गप्प बसत नाही, तो सजवायला जातो. "आणि मांडे काय झाले होते, नाना! दोन खाल्ले मी. पुरण तोंडात विरघळत होतं."

"बाई," प्रांजल हळूच म्हणाली, "त्यात बटाटा होता."

"काय?"

"पुरणाचा घाट कोण घालणार शेतात? मावशींनी उकडलेला बटाटा भरला होता. कॅमेऱ्यात काय कळतंय."

मी सावरायला तोंड उघडलं, पण ती पोरगी पुढे आली, माझ्या खोचलेल्या पदराचं टोक उचललं, नाकाशी नेलं आणि मान डोलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान अगदी माझ्यासारखी डोलली. "नाना, बाईंना काही ठाऊक नव्हतं. त्या माझ्यासाठी खोटं बोलताहेत. पदराला फिनेलचा वास येतोय, शेताचा नाही."

अठरा वर्षं मी जे मुलींशी केलं ते माझ्याशी करायला तिला एवढासा वेळ लागला.

नानांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, आता रडतात. वळले तेव्हा डोळे खरंच ओले होते, पण मिशीखाली हसू मावत नव्हतं. "तोंड लबाड बोलस..." त्यांनी सुरू केलं आणि पुढचं त्यांना बोलवेना.

मग कळलं ते असं. त्यांच्या घरी सगळे ती मालिका बघत. मुलीला शहरात ठेवू नका म्हणणारा मोठा भाऊ तर म्हातारी पडद्यावर आली की घास हातात धरून बसायचा. आदल्या संध्याकाळीही बसला होता. हात फक्त नानांनी ओळखले होते आणि रात्रभर कोणाला न बोलता पहाटेच्या गाडीने ते आले होते.

"माझ्याशी खोटं बोललीस," ते मुलीला म्हणाले, "ते मला इतक्यात विसरता यायचं नाही. पण आत्ता बाईंच्या मागे लपता येत असून लपली नाहीस." मग खुर्चीत बसले. "घरी मी सांगतो. लबाड नाही, खरंच सांगतो. भाऊ ओरडतील, मग म्हातारीचा पुढला भाग मागतील. तो भाग मिळायचा नाही. परीक्षेपर्यंत बंद. सामान राहू दे."

आणि त्यांनी चहा मागितला. शकूअक्का दाराबाहेरच होती, त्यामुळे लगेच आला.

पुढच्या भागात म्हातारी काशीला गेली असं दाखवलं. लोक फार चिडले, सगळ्यात जास्त मी. संस्थेने माझी कानउघाडणी केली, ती रास्त होती. प्रांजल वर्ष संपेपर्यंत राहिली, पण मेडिकलला नंबर लागला नाही. ते रविवार अभ्यासाला मिळाले असते तर लागला असता का, कोण जाणे, तिला विचारलं तर ती म्हणते, "बाई, हत्तींना विचारा." तिने फार्मसी केली. धुळ्यात आमच्याच भागात तिचं औषधाचं दुकान आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या देताना ती म्हातारीच्या आवाजात पथ्य सांगते आणि दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसतात. लोणचं खाल्लं नाही म्हटलं की काउंटरवरून वाकून पदर हुंगते.

निवृत्तीपर्यंत मी ओढण्या हुंगणं कमी केलं. सोडलं म्हणत नाही, तेही खोटं होईल. पण एक बदललं. मुलगी सापडली की आधी तिला समोर बसवायची आणि विचारायची, "खरं कुठे जायचं होतं?" बहुतेकींना जायचं असायचं ते ठिकाण इतकं साधं असायचं की त्यासाठी खोटं बोलायला लागावं याचीच लाज वाटायची. मग त्यांच्यादेखत घरी फोन लावायची आणि म्हणायची, "मी स्वतः बरोबर जाते आहे." अजिंठ्याला मी त्यानंतर इतक्यांदा गेले की तिथले पहारेकरी मला नावानिशी ओळखतात.

त्या सोमवारी नानांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. चूक सुधारावी म्हणून म्हटलं, "ग्रुपवरचा तो व्हिडिओ आत्ताच काढून टाकते." नाना पायरीवर थांबले, टोपी नीट केली आणि जे म्हणाले ते जसंच्या तसं देते:

"राहू द्या तो व्हिडिओ, मॅडम. मनी मायना हात शेत त्यामा. पन पुढला खेपले लबाड बोलनं पडनं, ते आधी मनी पोरले इचारी ल्या. तुमले नही जमत."